शाळेत इंटरनेट ‘आहे’, पण तासाला चालत नाही. काय करावं?

फळाखडू

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं.

आमची शाळा मुख्य रस्त्यापासून बरीच आत आहे. विद्यार्थी १४०, संगणक १८. दीड वर्षापूर्वी इंटरनेट आलं. राउटर बसला, फोटो निघाले आणि वार्षिक माहितीच्या तक्त्यात ‘इंटरनेट: आहे’ असं लिहिलं गेलं. यंदा तो तक्ता भरायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या रकान्यापाशी हात थांबला.

गेल्या महिन्यात पेशीविभाजन शिकवत होते. फळ्यावर मी टप्पे काढते, पण पेशी प्रत्यक्ष दुभंगताना मुलांनी एकदा तरी बघावी असं फार वाटत होतं. चित्रफीत आदल्या संध्याकाळी लावून पाहिली, छान चालली. दुसऱ्या दिवशी तासाला पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत राहिलं. ३४ मुलं ११ मिनिटं त्या वर्तुळाकडे बघत बसली. शेवटी मी खडू उचलला. वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत पेशीच्या जागी तेच वर्तुळ काढलेलं दिसलं. रेषा ओढून खाली नाव दिलं होतं, ‘लोडिंग’. तिने मनापासून काढलं होतं, जे दाखवलं तेच काढलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तक्रारी केल्या. माणूस येतो, वेग तपासतो, ‘नेट तर आहे मॅडम’ म्हणतो आणि जातो. तो येतो तेव्हा खरंच असतं!

नेट भरवशाचं आहे असं कधी म्हणायचं, आणि तिथवर पोचायला आम्ही शाळेतल्या शाळेत काय करू शकतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

अक्षांश

धागा काढलात ते फार बरं केलंत. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय की जगभरात प्राथमिक शाळांपैकी ४० टक्के, उच्च प्राथमिकच्या टप्प्यावर ५० टक्के आणि त्यापुढच्या माध्यमिक टप्प्यावर ६५ टक्के शाळा इंटरनेटला जोडलेल्या आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त प्राथमिक शाळांत अजून काहीच नाही. त्यात ज्या ‘जोडलेल्या’ आहेत, त्यांतल्या किती तुमच्यासारख्या आहेत हे या आकड्यावरून कळत नाही.

युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) यांनी २०१९ मध्ये ‘गिगा’ नावाचा उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगातली प्रत्येक शाळा जोडायची हे त्याचं ध्येय. मला त्यातलं आवडलेलं काम म्हणजे त्यांनी आधी शाळा नकाशावर आणल्या आणि शाळेतल्या संगणकावर आपोआप वेग मोजणारा छोटा प्रोग्रॅम दिला. तक्त्यात कोणी काय भरलंय त्यावर विसंबायचं नाही, प्रत्यक्ष काय मिळतंय ते बघायचं.

तारवाला

मॅडम, गेली बरीच वर्षं मी हेच काम करतो. लांबच्या शाळा, दवाखाने जोडून देतो. तुमचं वाचून वाटलं की मी ही शाळा पाहिलेली आहे. पाहिलेली नाही, पण अशा पुष्कळ पाहिल्यात.

सगळ्यात आधी सेवा देणाऱ्यावर खापर फोडणं थांबवा, आणि आपल्या राउटरवरही. अजून कोणाचा दोष आहे ते आपल्याला माहीत नाही. नेट शाळेत पोचतं ते तीन टप्प्यांनी. एक वीज. दोन, बाहेरून राउटरपर्यंत येणारी लाइन, मग ती फायबर असो, रेडिओ असो की सिम. तीन, राउटरपासून वर्गापर्यंतचं वाय-फाय. तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी वर्गात दिसतं तेच फिरणारं वर्तुळ. म्हणून आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते वेगळं काढायचं.

एक जुना लॅपटॉप घ्या, बॅटरी धरणारा. तो वाय-फायवर ठेवू नका, केबलने थेट राउटरला जोडा. दर १५ मिनिटांनी त्याने दोन ठिकाणी पिंग करायचं (छोटा संदेश पाठवून उत्तर येतंय का ते बघायचं), एकदा राउटरला आणि एकदा बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, आणि निकाल वेळेसकट फाइलमध्ये लिहायचा. पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट आहे, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. राउटरच उत्तर देत नसेल तर त्याची वीज गेलीय. राउटर बोलतोय पण बाहेरचा पत्ता गप्प असेल तर लाइन गेलीय. दोन्ही बोलतायत आणि तरी वर्गात चालत नाही, तर दुखणं आपल्याच भिंतींच्या आत आहे.

जोडीला राउटरशेजारी एक वही टांगा. नेट गेलं की वेळ लिहायची, तेव्हा खोलीत लाईट होती का ते लिहायचं, राउटरवरचे कोणते दिवे लागलेत ते लिहायचं. दोन आठवडे एवढंच करा. तोवर नवीन काहीही विकत घेऊ नका, ही हात जोडून विनंती.

फळाखडू

तारवाला, मनापासून आभार. लॅपटॉप आहे, उद्याच लावते. एक विचारू? आमच्या जोडणीच्या कागदावर वेग ‘५० एमबीपीएस पर्यंत’ असा लिहिलाय. १४० मुलांना ते पुरतं का?

तारवाला

त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. ५० ही वरची मर्यादा झाली, हमी नव्हे. तीच क्षमता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. सगळे एकदम वापरायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. हमी हवी असेल तर करारात किमान वेगाचा आकडा मागावा लागतो. तशी जोडणी बरीच महाग असते आणि छोट्या शाळेला बहुतेक वेळा तिची गरजही नसते.

पुरतं का म्हणाल, तर अमेरिकेत शाळांच्या जोडणीला मदत देणाऱ्या ई-रेट योजनेसाठी तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१४ मध्ये मापं ठरवली: दर १००० विद्यार्थ्यांमागे आधी १०० एमबीपीएस, पुढे जाऊन १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस. या दुसऱ्या मापाने तुम्हाला १४० लागतील, पहिल्याने फक्त १४. पण तुमच्याकडे संगणकच १८ आहेत. अठराही जणांनी एकाच वेळी साधारण प्रतीची चित्रफीत लावली, प्रत्येकी २ एमबीपीएस धरले, तर ३६ होतात. शाळेच्या वेळात ५० खरोखर मिळत असतील तर पुष्कळ झाले. म्हणून म्हणतो, आधी मोजा.

पाटीपुस्तक

मीही शिक्षक आहे. राग मानू नका, पण जे वाटतं ते लिहितो. ज्या शाळेत विषयाला शिक्षक नाही, छत गळतं, तिथे आधी नेट कशाला? पेरूचं उदाहरण माझ्या कायम डोक्यात असतं. तिथे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’मधून ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत काहीही फरक पडलेला दिसला नाही. वस्तू देऊन शिक्षण होत नाही. माझ्या वर्गात मला आधी एक माणूस वाढवून हवाय.

चिमणपाखरू

पाटीपुस्तक सर, तुमचं पटतं, पण मी बाकाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

मी अशाच शाळेत शिकले. आमच्याकडे संगणकखोली होती, नेटही होतं. खोलीला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असायची, कारण काही बिघडलं तर भरून कोण देणार ही त्यांना धास्ती. पडद्यांवर प्लास्टिक तसंच होतं. दहावीपर्यंत मी त्या खोलीत मोजून चार वेळा गेले. पण शाळा सुटल्यावर त्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून बसलं की मोबाइलला वाय-फाय धरायचं. तिथे बसून मी त्रिकोणमिती शिकले, पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरले. मोठ्या भावाचा मोबाइल होता, तडा गेलेला. आमच्या शाळेत त्या विषयाला शिक्षक नव्हते, सर. म्हणूनच नेटचा उपयोग झाला.

तेवढ्यासाठी फळाखडू ताईंना एक विनंती. खोली बंद झाल्यावर वाय-फाय बंद करू नका.

अक्षांश

पाटीपुस्तक, पेरूचे आकडे बरोबर आहेत. मात्र त्यातल्या बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतंच आणि शिक्षकांना ते यंत्र धड्यात कसं आणायचं हे फारसं शिकवलं गेलं नाही. तो अभ्यास नुसत्या यंत्रांच्या वाटपाबद्दल सांगतो, जोडणीबद्दल नाही.

त्याच्या शेजारी उरुग्वे ठेवून बघा. ‘प्लान सेइबाल’ २००७ मध्ये विया कार्दाल या छोट्या गावातून सुरू झाला. लॅपटॉप दिले आणि शाळा जोडल्या, दोन्ही एकाच यंत्रणेने केलं. पुढे त्यांना जाणवलं की प्राथमिक शाळांना पुरेसे इंग्रजी शिक्षकच नाहीत. २०१२ पासून त्यांनी व्हिडिओ कॉलवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. पडद्यावर दूरचा शिक्षक, वर्गात नेहमीच्या बाई. पडद्यावरचा तास झाला की आठवड्याचा उरलेला सराव बाई घेतात. तुम्ही जो जास्तीचा माणूस मागताय तोच तिथे नेटमधून आला. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा मंगळवारी ११ वाजता नेट असणार म्हणजे असणारच. सरासरी चांगली असून या कामाला उपयोग नाही.

पाटीपुस्तक

मंगळवारी ११ ला असणारच, हे पटलं. अशी खात्री असेल तर मीही मागेन. चिमणपाखरू, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. आमच्याही खोलीला कुलूप आहे.

खांबावरून

निवृत्त लाइनमन आहे. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

विजेबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. लांबच्या ठिकाणी नेट जातं त्यातलं निम्मं प्रकरण विजेचं असतं, हा माझा अनुभव. राउटर आणि बाहेरचा डबा मिळून साधारण १० वॅट खातात, फार नाही. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची साधी बॅटरी घेतली तर १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ४२ धरा. १० वॅटला चार तास. शाळेचा दिवस बहुतांशी निघाला. संगणक त्या बॅटरीवर लावायचे नाहीत, फक्त राउटर. लोक संगणकासकट सगळं एका इन्व्हर्टरवर टाकतात आणि अर्ध्या तासात सगळंच बसतं.

बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका. उष्णता १० अंशांनी वाढली की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची मिळाली तर जास्त टिकते, खोलवर उतरवलेली चालते.

दुसरं वीज पडण्याचं. एका शाळेत दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल टाकली होती, उघड्यावरून. पाऊस सुरू व्हायच्या आधीच लांब कुठेतरी वीज पडली आणि केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रं गेली, सोबत चार संगणक. झाडाला काही नाही, इमारतीला काही नाही. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असलं की असं होतं. दोन इमारतींमध्ये नेहमी फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. तशीही तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. छतावर अँटेना असेल तर तिचं अर्थिंग आणि केबलवर सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं यंत्र), यात काटकसर करू नका.

वाटसरू

एवढी खटपट करण्यापेक्षा सरळ उपग्रहाची डिश का लावत नाहीत?

तारवाला

जिथे दुसरं काहीच पोचत नाही तिथे जरूर लावावी. जुने भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. स्टारलिंकसारखे खालच्या कक्षेतले उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, तिथे हा त्रास उरलेला नाही. पण ती डिश ५० ते १०० वॅट खाते. काकांचा वरचा हिशेब त्याने पार बदलतो, सौर पॅनेल आणि बॅटरी कितीतरी मोठी लागते. शिवाय आकाश मोकळं हवं.

दूरच्या एकाच कंपनीवर सगळं टांगून ठेवायचं का, हाही विचार करा. गुगलच्या मूळ कंपनीने फुग्यांवरून इंटरनेट द्यायचा ‘लून’ प्रकल्प केला होता. तंत्र विलक्षण होतं. २०२० मध्ये केनियात सेवा सुरू झाली, २०२१ मध्ये प्रकल्पच बंद झाला. ज्यांना त्यातून नेट मिळत होतं, त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

जवळच्या मोठ्या गावात फायबर असेल तर रेडिओने आणणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मात्र समोरचा टॉवर नुसता दिसून भागत नाही. लहरी मधोमध फुगतात, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटर अंतर असेल तर मध्यावर सुमारे ८ मीटर त्रिज्येचा पट्टा होतो. त्यातला निदान ६० टक्के तरी मोकळा लागतो. मी एक जोडणी झाडं निष्पर्ण असताना लावली होती. पालवी फुटली, पाऊस आला आणि ओल्या पानांनी सिग्नल गिळून टाकला. चूक माझी होती. खांब ४ मीटरने वाढवावा लागला.

अक्षांश

याच रेडिओ जोडण्या लोकांनी स्वतः उभ्या केल्याची उदाहरणं आहेत. स्पेनमधल्या कातालोनियात ‘गीफी’ हे जाळं २००४ मध्ये सुरू झालं, कारण ग्रामीण भागात कंपन्या यायला तयार नव्हत्या. दक्षिण आफ्रिकेत मांकोसीला गावकऱ्यांची सहकारी संस्था ‘झेन्झेलेनी’ चालवते. बिघाड झाला की दुरुस्त करणारा माणूस तिथे गावातलाच असतो.

निळीशाई

एक सुचवू का? नेट येईल तेव्हा येईल, शाळेत एक छोटा स्थानिक सर्व्हर ठेवा. रास्पबेरी पायसारखा पाच-सात वॅटचा संगणक. ‘किविक्स’ वापरून पूर्ण विकिपीडिया त्यात ठेवता येतो. इंग्रजीतला चित्रांसकट सुमारे १०० जीबी होतो, छोट्या भाषांचा फारच कमी. ‘कोलिब्री’त धडे आणि सराव ऑफलाइन चालतात, मुलांची प्रगतीही दिसते. पेशीविभाजनाची चित्रफीत रात्री उतरवून त्यात टाकली असती तर तासाला बाहेरच्या नेटची गरजच नव्हती. हा नेटला पर्याय नाही, अर्ज भरायला आणि दूरच्या शिक्षकाशी बोलायला नेट लागतंच. पण रोजच्या तासांचा भार त्यावरून उतरतो.

फळाखडू

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व. मोजलं.

१२ शाळेचे दिवस, रोज ६ तास, दर १५ मिनिटांनी एक, अशा २८८ नोंदी. त्यातल्या ६१ वेळा नेट नव्हतं. लॅपटॉपची फाइल आणि वही शेजारी ठेवून आम्ही वर्गवारी केली. ३८ वेळा लाईट गेलेली होती. १४ वेळा बाहेरची लाइन बंद होती. आणि ९ वेळा लाईट होती, लाइन होती, पण राउटरच बंद होता. कार्यालयाच्या पंख्याचा आणि राउटरचा बोर्ड एकच आहे. खोलीतून बाहेर पडणारा सवयीने मुख्य बटण बंद करतो.

म्हणजे दीड वर्ष आम्ही ज्यांच्या नावाने तक्रारी करत होतो त्यांच्याकडचे फक्त १४.

पण खरं उत्तर त्या ६१ मध्ये नव्हतंच. उरलेल्या वेळेत केबलवर सकाळी ३८ एमबीपीएस मिळत होते आणि वर्गात वाय-फायवर दीड. राउटर चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवलेला आहे, दार लावून. मी रोज त्या कपाटातून हजेरीपट काढते, माझ्या कधी डोक्यात आलं नाही. शिवाय मधल्या सुट्टीत सगळं इतकं मंदावतं की केबलवरही पान उघडत नाही, हे का ते कळलं नाही.

वही नववीतल्या दोन मुली लिहितात. त्यांनी न सांगता आणखी एक रकाना आखला, ‘तेव्हा कुठला तास चालू होता’.

तारवाला

त्या दोघींना माझा नमस्कार सांगा. तो रकाना मलाही सुचला नव्हता.

राउटर कपाटातच राहू दे, चालेल. त्यातून एक केबल काढून वर्गाच्या भिंतीवर उंचावर वेगळा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा छोटा डबा) लावा. केबलमधूनच वीज घेणारा मिळतो, म्हणजे तिथे बटणच नसेल. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा.

मधल्या सुट्टीचं बहुधा असं होतंय: शिक्षकांचे मोबाइल वाय-फायला लागतात आणि फोटोंचा बॅकअप वर चढू लागतो. वर जाणारी वाट अरुंद असते, ती भरते. पान उघडताना ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशा पावत्या त्याच वाटेने जायच्या असतात. त्या रांगेत अडकल्या की उतरणारंही थांबतं. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असेल तर चालू करा, मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि छोट्या पावत्यांना तो पुढे सोडतो. सोय नसेल तर मोबाइलसाठी वेगळं वाय-फाय नाव ठेवून त्याचा वेग बांधून टाका.

१४ नोंदींचा कागद तारीख-वेळेसकट कंपनीला द्या. ‘नेट चालत नाही’ यावर कोणी काही करू शकत नाही. ‘या दिवशी ११:१५ ते १२:००’ यावर करावं लागतं.

फळाखडू

कागद दिला. यावेळी आलेला माणूस तासभर थांबला. खांबावरचा एक जोड पाण्याने खराब झाला होता, तो बदलला. राउटरचं बटण वेगळं करून घेतलं. काकांनी सांगितलेली बॅटरी काल बसवली, दुपारी लाईट गेली आणि पाचवीचा तास थांबला नाही. ॲक्सेस पॉइंट यायचाय. वर्गातल्या वाय-फायचं तोवर आहे तसंच आहे.

चिमणपाखरू, मागच्या भिंतीचं मुख्याध्यापकांशी बोलले. संध्याकाळी सातपर्यंत चालू ठेवायचं ठरलंय, नको त्या साइट्स डीएनएसवरच (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) अडवून. तिथे एक बाक ठेवलाय.

चिमणपाखरू

बाक! ताई, डोळे भरून आले.

खांबावरून

बॅटरीवर बसवल्याची तारीख लिहिलीत का? दोन-तीन वर्षांत ती उतरेल, तेव्हा तुमची बदली झालेली असेल. नवीन माणसाला कळायला हवं. आणि पुढच्या बॅटरीचे पैसे कुठल्या खात्यातून, तेही आत्ताच ठरवून घ्या.

फळाखडू

तारीख पक्क्या शाईने लिहिली, वहीच्या पहिल्या पानावरही लिहिली. पैशांचा विषय सोमवारच्या बैठकीत घेतेय. वार्षिक तक्त्याला ६१ आणि २८८ हे आकडे लिहिलेला कागद टाचून जोडलाय, त्यात यासाठी वेगळी जागा नाही.